झाडावर एकच बसंल

“बाई, सिंहाला बरगड्या किती असत्यात?”

चौथीतल्या मुलीनं विचारलंय. तिच्यापुढं ज्वारीच्या वाळक्या धाटांची पेंडी सोडून पसरली आहे आणि बोटाला सुतळी गुंडाळलेली आहे. बाई हातातला खडू फिरवत थांबतात. माणसाला बरगड्यांच्या 12 जोड्या, हे त्यांना पाठ आहे. सिंहाच्या बरगड्यांची चौकशी आजवर कुणी केलेली नसावी. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला खांबाला टेकून बसलेला तिसरीतला पोरगा मान वर न करताच म्हणतो, “तेरा. मेंढराला दोन्हीकडं तेरा-तेरा असत्यात. सिंव्हाला काय कमी असतील?”

बाई मोबाइल काढतात, रेंजसाठी पायऱ्या उतरून झेंड्याच्या खांबापाशी जातात आणि तिथूनच हसतात. “तेराच आहेत रे!”

पोरगा बघतसुद्धा नाही. मेंढरांच्या घरात वाढलाय, सोललेलं मेंढरू कितीदा तरी पाहिलंय. त्याला यात नवल ते कसलं?

माणदेशातल्या एका वस्तीवरची ही जिल्हा परिषदेची शाळा. दोन खोल्या, पुढं पत्र्याचा व्हरांडा, कडेला एक लिंब आणि त्यापलीकडं कुसळांचा माळ. पहिली ते चौथी मिळून पट 19. दिवाळी उरकली की मेंढरं घेऊन माणसं लांब चारणीला निघून जातात, त्यामुळं यातली बरीच पोरं आजी-आजोबांपाशी राहतात. शिक्षक दोन. त्यातले सर आतल्या खोलीत कसलीशी ऑनलाइन माहिती भरत बसले आहेत आणि ती दर थोड्या वेळानं पुसली जातेय, हे त्यांच्या पुटपुटण्यावरून बाहेर कळतंय. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तल्या मास्तरला निदान हा त्रास नव्हता.

26 जानेवारीला गावापुढं नाटक करायचंय. मी एका पाहुण्याबरोबर आलो होतो आणि पोरांनी मला हलू दिलेलं नाही, कारण प्रेक्षक कमी पडतायत.

खरं सांगायचं तर शाळेतल्या नाटकांचा मला धसकाच आहे. एकुलता एक माइक, त्याच्याभोवती गोळा झालेले शिवाजीमहाराज, अफजलखान आणि दोन मावळे, घामानं लोंबायला लागलेल्या मिश्या, विंगेतून पात्राच्या आधी ऐकू येणारा बाईंचा आवाज आणि एका दमात म्हटलेली, अर्थाशी काडीचा संबंध नसलेली वाक्यं. त्यात पोरं काय शिकतात, तर पाठांतर. तेही दुसऱ्या दिवशी विसरतात. 2020 च्या शैक्षणिक धोरणात कलेतून शिक्षण असे छान शब्द आले आहेत, पण धोरणातले शब्द व्हरांड्यापर्यंत पोचताना बहुतेक वेळा त्यांचा अहवाल झालेला असतो. इथं मात्र बरगड्यांवरून सुरुवात झाली, म्हणून मी सावरून बसलो.

गोष्ट पंचतंत्रातली, त्याच्या शेवटच्या तंत्रातली. चार मित्र असतात. तिघं शिकलेले, चौथा न शिकलेला पण अक्कल असलेला. राजाकडून पैसा मिळवायला चौघं निघतात. वाटेत पहिला म्हणतो, ह्याला विद्या नाही, ह्याला वाटा कशाला द्यायचा? दुसरा म्हणतो, बाबा, तू घरी जा. तिसरा मात्र म्हणतो, असं कसं, लहानपणापासून बरोबर खेळलोय, येऊ दे त्याला, वाटाही देऊ. पुढं रानात एका जनावराची हाडं दिसतात. पहिला सांगाडा जुळवतो, दुसरा त्यावर मांस, रक्त, कातडं चढवतो, तिसरा त्यात जीव घालायला बसतो. चौथा म्हणतो, अरे, हा सिंह आहे. कुणी ऐकत नाही. मग तो म्हणतो, जरा थांबा, तेवढं मला झाडावर चढू द्या. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

ही सगळी पुराणी उठाठेव मुळात शाळेचीच. अमरशक्ती राजाची तीन मुलं अभ्यासात ठार ढ, आणि ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा पैज लावतो की सहा महिन्यांत त्यांना नीतिशास्त्रात तयार केलं नाही तर नाव टाकीन. बाईंना ही चौकट फार आवडते. “त्याला पोरं तीन होती आणि मुदत सहा महिने,” त्या म्हणतात. “आणि शालेय पोषण आहाराचा हिशोब त्याला ठेवायचा नव्हता.”

सध्या व्हरांड्यात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. चौथीतली मुलगी ‘हाडंवाली’. दुसरा मित्र झालेला मुलगा ‘कातडंवाला’. तिसरीतली एक बारीक चणीची मुलगी ‘जीववाली’. चौथा हा ‘चौथा’च. तिघांच्या हातात प्लास्टिकच्या फायली आहेत. कल्पना कातडंवाल्याची. त्याचा चुलतभाऊ पोलीस भरतीसाठी पहाटे माळावर धावतो आणि कुठंही जाताना काखेत फाईल असते, त्यात सगळी सर्टिफिकिटं. तेव्हा विद्या म्हणजे फाईल, हे ठरून गेलंय. चौथ्याकडं फाईल नाही. त्याच्याकडं फडक्यात बांधलेल्या भाकरी आहेत. पहिल्या प्रवेशात तिघं त्याला घरी जायला सांगतात आणि सांगता सांगता त्याचं गठुडं सोडून जेवायला बसतात. ही भर कुणी घातली, असं मी विचारतो. “कुणी न्हाई,” हाडंवाली म्हणते. “तालमीत भूक लागली हुती.”

भाकरी खऱ्या आहेत. वर लसणाची चटणी. चार जणांचा मुक्काम दोन मिनिटांत आटोपतो आणि फडकं झटकून परत बांधलं जातं.

हाडांचं काम मात्र दोन मिनिटांत उरकणारं नाही. हाडंवालीनं पट्टीनं मापून वहीत आकडे लिहिलेत. सगळ्या बरगड्या सारख्या लांबीच्या केल्या तर पिंजरा होतो, छाती होत नाही, हे तिला पहिल्याच सांगाड्यानं दाखवलं होतं. तो पहिला सांगाडा अजून कोपऱ्यात पडला आहे. त्यात सध्या बॉल ठेवतात. आता ती पुढच्या जोड्या आखूड घेते, मधल्या लांब, मागं पुन्हा उतरत्या. धाट तसंच वाकवलं की मोडतं, म्हणून तिनं एका अंगाची साल नखानं सोलून काढलीय. आतला पांढरा भेंड उघडा पडला की धाट मऊपणानं कमान घेतं. सालीची धार ब्लेडसारखी असते. तिच्या अंगठ्यावर दोन चरे आहेत, त्यावर हळद दाबलेली. कण्यासाठी बांबूची कामटी आहे. मणके म्हणून बाटल्यांची बुचं ओवलीत, मध्ये भोक पाडून. तेरावी जोडी बांधताना गाठ सरकते, ती दातानं सुतळी धरते आणि मला म्हणते, “बोट ठेवा हितं.” मी ठेवतो. ती गाठ आवळते, माझं बोट आत अडकतं. ती न हसता ते सोडवते आणि दुसरी गाठ मारते.

डोकं म्हणजे तळ निघालेली एक बुट्टी. तिला खालून दाभणानं सुळे शिवलेत. सुळे बाभळीचे काटे आहेत, खरे, लांबलचक. बाईंनी त्यांची टोकं मोडायला लावली आणि त्यावरून थोडं वाजलं.

कातडं ही घोंगडी. काळीभोर, हातमागाची, वजनदार, मेंढरांचा वास असलेली. ती सिंहाच्या आजीची आहे, म्हणजे बरगड्या सांगणाऱ्या त्या पोराच्या आजीची. सिंह तोच. आजी घोंगडी शाळेत धाडायला तयार झाल्या, पण घोंगडीबरोबर स्वतःही आल्या. लिंबाखाली पाय पसरून बसल्यात आणि घोंगडी कुठं घासतेय, कुठं ओढली जातेय, याच्यावर त्यांचा डोळा आहे.

“काळा सिंह कुठं असतो काय?” कातडंवाला कुरकुरतो.

“तू पायलास का सिंव्ह?” आजी तिथूनच विचारतात.

कुणीच पाहिलेला नाही. आपल्या देशातले सिंह आता गुजरातेत, गीरच्या आसपास. या माळावर आहे तो लांडगा. सुरुवातीला सगळ्यांनी सिंहाला डरकाळी शिकवायचा प्रयत्न केला. मोबाइलवर ऐकवली. त्यानं दोनदा करून बघितली आणि सोडून दिली. आता त्याचं म्हणणं पक्कं आहे. मारायला येणारं जनावर ओरडत येत नाही. त्यानं पाहिलंय. कळपाकडं येताना लांडगा अंग चोरतो, मुंडी खाली घालतो, एकेक पाय टाकतो, आणि कुत्री भुंकेपर्यंत कुणाला पत्ता नसतो.

“पण लोकांना कळायला नको का, सिंह आलाय ते?” बाई विचारतात.

“मेंढरांना तरी कुटं कळतंय?”

तो करून दाखवतो. सांगाड्याखाली तो आधीपासूनच पोत्याखाली पालथा पडलेला असतो, वर हाडं, त्यावर घोंगडी. घोंगडी हळूहळू वर उचलते. आधी पाठ, मग खांदे. डोकं अजून जमिनीलगतच. धाटं आतल्या आत करकरतात. एक पाय पुढं येतो आणि थांबतो. पहिलीतली दोन पोरं खरोखर उठून बाईंमागं जातात. मलाही मांडी बदलावीशी वाटते. मग आतून दणदणीत शिंक येते, कडब्याची धूळ नाकात गेलेली असते, आणि सिंहाचा कणा बुचांसकट निसटतो.

मराठीत 1959 साली सुधा करमरकरांनी ‘मधुमंजिरी’ केलं, तीनेक वर्षांत रत्नाकर मतकरीही बालनाट्यात उतरले, आणि मुंबई-पुण्याच्या पोरांना तिकीट काढून राक्षस आणि चेटकिणी बघायला मिळाल्या. तो मोठाच ठेवा होता. पण त्यातला राक्षस कसा चालावा हे बहुतेकदा मोठ्या माणसांनी ठरवलेलं असायचं. इथं सिंहानं कसं चालायचं ते सिंहानं ठरवलंय आणि बाईंना ते पटवून घ्यावं लागलंय. बाईंचं मला मनापासून कौतुक वाटतं ते एवढ्याचसाठी. त्यांना गप्प बसता येतं. शिक्षकाला ही गोष्ट फार जड जाते.

जीववालीचा मंत्र ही आणखी एक भानगड. संहितेत ‘मंत्र म्हणते’ एवढंच लिहिलंय. कुठला मंत्र? दोन-तीन सुचले, एक बाईंनी नाकारला. शेवटी बरगड्या तेरा म्हणून तेराचा पाढा, असं ठरलं. सिंहानं त्याला अट घातली, की पाढा चुकला तर मी उठणार नाही. गेल्या तालमीत तो खरंच उठला नाही. जीववाली ‘तेर साते’पाशी अडते. तिथं आली की डोळे मिटते, ओठ हलतात, आणि कातडंवाल्याला राहवत नाही, तो मध्येच उत्तर देऊन टाकतो. त्याला कितीही दटावलं तरी अर्धवट पाढा त्याला सोसत नाही.

आता सगळं एकदा सलग करायचं ठरतं. तेलाचा डबा वाजतो. मित्र निघतात, भाकरी संपतात, हाडं सापडतात. झाड आपल्या जागी उभं राहतं. झाड म्हणजे पहिलीतली मुलगी, एका बाकावर चढलेली, दोन्ही हातांत लिंबाचे डहाळे. चौथ्यानं तिच्या शेजारी बाकावर चढायचं.

पाढा सुरळीत पार पडतो. सिंह उठतो, न ओरडता. तिघांना एकेक पंजा मारतो. कातडंवाला बराच वेळ मरतो, त्याला मरायला आवडतं. चौथा खाली उतरतो आणि शेवटचं वाक्य घेतो, विद्येपेक्षा बुद्धी मोठी, वगैरे. टाळ्या. टाळ्या वाजवणारे आम्ही तिघं, मी, बाई आणि खिडकीतून सर. आजी वाजवत नाहीत.

“ह्यो कसला शाना?” त्या म्हणतात. “तिघं मेलं आन ह्यो घरला चालला?”

चौथा ओशाळतो. “आजी, मी सांगितलं की त्यांना.”

“एकदा सांगितलंस. माझा नातू इहिरीकडं निघाला तर म्या एकदा सांगून झाडावर बसू व्हय?”

इथून जे सुरू होतं ते नाटक नव्हे, पंचायत. हाडंवाली म्हणते, त्याला जबरदस्तीनं ओढून न्यायला हवं होतं आम्हाला. चौथा म्हणतो, तुम्ही मला घरी जा म्हणत होता आणि आता ओढून न्यायचं? माझी भाकरी खाल्ली ती खाल्ली. कातडंवाला म्हणतो, झाडावर चौघांना जागा होती, ह्यानं बोलावलंच नाही. तेव्हा इतका वेळ गप्प असलेलं झाड तोंड उघडतं. “चौघं न्हाई मावत. बाक हालतोय. एकच बसंल.”

प्रॉम्प्टर, दुसरीतला चष्मेवाला, वही छातीशी धरून हैराण झालाय. त्याला सगळ्यांची वाक्यं पाठ आहेत आणि त्यातलं एकही कुणी म्हणत नाहीये.

जीववाली मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकलीय. ती बाईंच्या पदराशी जाऊन हळूच विचारते, “बाई, चौथ्याला बरोबर घेऊ या असं मीच म्हणलं हुतं ना? मग मला का मारलं?”

बाई माझ्याकडं बघतात. मी पंचतंत्राच्या वाटेला इतक्या वेळा गेलोय, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. चौघांतला जो मनानं चांगला, ज्याला सोबत्याची कणव आहे, नेमका तोच जीव घालतो. गोष्ट वाचताना आपण तात्पर्याकडं घाईनं निघालेलो असतो आणि तिसऱ्याला ओलांडून जातो. ज्याला त्याच्या जागी उभं राहून मरायचंय त्याला ओलांडता येत नाही.

बाई मग त्यांना वेताळाची गोष्ट सांगतात. वेताळ पंचविशीतही हीच कथा आहे, थोडी निराळी. तिथं चौघं भाऊ आहेत, झाडावर चढणारा कुणी नाही, चौघंही सिंहाच्या पोटात जातात, आणि वेताळ विक्रम राजाला विचारतो, पाप कुणाला लागलं? राजाचं उत्तर, जीव घालणाऱ्याला. बाकीच्यांना कुठलं जनावर तयार होतंय हे कळलेलं नव्हतं.

“मला कळत हुतं की,” हाडंवाली ताडकन म्हणते. “सुळं मीच बसवलं.”

“आन तू आधी मेंढराच्या बरगड्या इचारल्यास,” कातडंवाला तिला अडवायला बघतो.

“सिंहाच्याच इचारल्या! मेंढराच्या त्यानं सांगितल्या.”

विक्रम राजाचा निकाल या व्हरांड्यात टिकत नाही. पोषण आहाराचं पातेलं घासणाऱ्या मावशीही हात पुसत येऊन उभ्या राहिल्यात आणि त्यांचं मत राजाच्या बाजूचं आहे. सिंहाला कुणी विचारत नाही. तो घोंगडी पांघरून बसलाय आणि अंगावरची कुसळं काढतोय. शेवटी तोच बोलतो.

“मला एक तरी वाक्य द्या.”

“सिंह बोलतो होय?” प्रॉम्प्टर.

“पंचतंत्रात सगळेच बोलतात,” बाई म्हणतात. “ह्या गोष्टीत नाही बोलत, हे खरं.”

“मी मेलेला बरा हुतो,” सिंह म्हणतो. “ह्यांनी उठवलं. आता उठल्यावर भूक लागणारच. तर माझाच दोष.”

सर बाहेर आलेत. माहिती भरून झाली की पुसली गेली, ते विचारायचं धाडस कुणी करत नाही. शाळा सुटायला थोडाच वेळ उरलाय. बाई म्हणतात, शेवटचा प्रवेश परत घ्या, हाडांपासून. कसा करायचा ते तुम्ही बघा. प्रॉम्प्टर वही उघडतो, मग काय वाटतं कोण जाणे, पेन्सिल शोधायला लागतो.

हाडं मांडली जातात. घोंगडी पडते, आजी “हळू!” म्हणतात. चौथा या वेळी एकदा सांगून थांबत नाही. तो जीववालीच्या फायलीवर हात ठेवतो, तिला मागं ओढतो, हाडंवाली त्याला ढकलते. जीववाली खाली बसते आणि पाढा सुरू करते. तेरा एके तेरा. तेर दुणे सव्वीस. डबा हळू वाजतोय. तेर साते आलं, ती डोळे मिटते. कातडंवाल्यानं स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलंय. “एक्याण्णव,” ती आपली आपण म्हणते. तेर आठे एकशे चार. तेर नवे एकशे सतरा.

आणि थांबते. वाकून घोंगडीला विचारते, “भूक लागलीया का तुला?”

“हे वहीत न्हाई!” प्रॉम्प्टर ओरडतो, पण लिहूनही घेतो.

घोंगडीतून उत्तर नाही. मग तिचं टोक वर होतं आणि सिंह बाईंकडं बघतो.

“मला काय विचारतोस?” बाई म्हणतात. “सिंह तू आहेस.”

तो जरा वेळ घेतो. “लई. मेल्यापास्नं काय खाल्लं न्हाई.”

“भाकरी दे त्येला,” हाडंवाली चौथ्याला फर्मावते. “दे लवकर.”

चौथा गठुडं सोडतो, फडकं उलटं करून सगळ्यांना दिसेल असं झटकतो. “मगाशी तुम्ही तिघांनीच संपवली की.”

कुणाला पुढं काय बोलावं सुचत नाही. डबा वाजायचा थांबलाय. आणि त्या शांततेत कातडंवाल्याच्या तोंडावरचे हात सुटतात. “तेर दाहे एकशे तीस!”

घोंगडी उचलायला लागते. आधी पाठ, मग खांदे. तिघंही फायली टाकून बाकाकडं पळतात, चौथाही पळतो, कारण बोलण्याच्या नादात तो अजून खालीच आहे. बाक करकरतो. झाड दोन्ही डहाळे आडवे धरतं.

“एकच बसंल म्हणलं न्हवं! कोण, ते लवकर सांगा.”